विंडोज नव्याने टाकताना आणि बॅकअप परत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईक, शेजारी, ओळखीचे दुकानदार, दोन शाळा आणि एक सीए ऑफिस यांचे संगणक मी बरीच वर्षं हौसेने दुरुस्त करतो आहे. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. विंडोज टाकणं हे तासाभराचं, बरंचसं कंटाळवाणं काम आहे. पाणी मुरतं ते त्याच्या आधी आणि नंतर, म्हणून निम्मी पानं बॅकअपवरच खर्च झाली आहेत.

संगणक फार हळू झालाय. फॉरमॅट मारायलाच हवं का?

बहुतेक वेळा नाही. संगणकात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर फॉरमॅट मारून चार दिवस बरं वाटेल आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तिथे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणं हाच उपाय. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर आधी तो रिकामा करा. व्हायरस शिरलाय, अपडेट अर्ध्यात अडकून विंडोज मोडलंय, संगणक दुसऱ्याला द्यायचाय किंवा नवी डिस्क टाकलीय, अशा वेळी मात्र नव्याने टाकणंच बरं.

रिसेट, रिपेअर आणि फॉरमॅट यात फरक काय?

सौम्य उपायापासून सुरू करू. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे विंडोज अपडेटमधूनच विंडोज पुन्हा बसवण्याची सोय आहे. त्यात फाइली, प्रोग्राम, सेटिंग्ज सगळं जागेवर राहतं. विंडोजच्या पेनड्राइव्हवरचं सेटअप चालू विंडोजमधून उघडलं तरी असंच करता येतं. मोडकं विंडोज दुरुस्त करायला मी आधी हे करून पाहतो. निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

त्याच रिकव्हरीच्या पानावर 'रिसेट धिस पीसी' असतं. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमच्या फाइली राहतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात. नाव वाचून लोकांना सगळंच राहील असं वाटतं आणि मग हिशेबाचं टॅली कुठे गेलं म्हणून फोन येतो. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे सगळी साफसफाई. पुढे 'क्लाउड डाउनलोड' की 'लोकल रीइन्स्टॉल' असं विचारतात. क्लाउडला साधारण ४ जीबी डेटा लागतो, पण विंडोजच्या फाइलीच बिघडल्या असतील तर तोच पर्याय घ्यावा.

आपण ज्याला 'फॉरमॅट मारणं' म्हणतो ते तिसरं: पेनड्राइव्हवरून बूट करायचं (म्हणजे संगणक त्यावरून सुरू करायचा), जुनी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे आखलेले भाग, पुसायची आणि कोऱ्या जागेत विंडोज टाकायचं.

यातलं काहीही करा, बॅकअप आधी. 'कीप माय फाइल्स' करतानासुद्धा. मध्येच लाइट गेली की 'कीप' कशाचं?

माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे. मग बॅकअप कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच समजुतीने झालेलं मी पाहिलं आहे.

सी आणि डी हे बहुतेक संगणकांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एका खोलीत मधे पडदा लावला म्हणून दोन घरं होत नाहीत. डिस्क मेली की दोन्ही जातात. लॅपटॉप चोरीला गेला, चहा सांडला, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं रॅन्समवेअर घुसलं, तरी दोन्ही जातात. विंडोज टाकताना पार्टिशनच्या यादीत सी आणि डी अशी अक्षरं दिसतच नाहीत. तिथे 'ड्राइव्ह ०, पार्टिशन ३' असं काहीतरी दिसतं, आणि आकारावरून अंदाज बांधून लोक भलतंच पार्टिशन पुसतात.

मीही हे केलं आहे. माझ्या मावसभावाच्या संगणकात दोन्ही पार्टिशनं जवळपास सारख्या आकाराची होती. त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो डी वर आहेत हे मला ठाऊक होतं, फक्त कुठलं पार्टिशन डी हे ठाऊक नव्हतं. घाईत होतो. पुढचे दोन दिवस रिकव्हरीचे प्रोग्राम चालवून थोडे फोटो मिळाले, तेही नावं हरवलेले. मावशी अजूनही लग्नाकार्यात भेटली की हा विषय काढते.

आणखी एक. सगळं डी वर ठेवणाऱ्या माणसाचाही डेस्कटॉप सी वरच असतो. डाउनलोड्सही. आणि आपल्याकडे डेस्कटॉप म्हणजे घरातली कोनाड्याची जागा. महत्त्वाचं म्हणून जे हाताशी हवं, ते सगळं तिथेच.

बॅकअपमध्ये नेमकं काय काय घ्यायचं?

एक कागद घ्या आणि गेल्या महिन्याभरात संगणकावर काय काय उघडलं ते लिहून काढा. प्रोग्राम नंतर पुन्हा मिळतात. तुम्ही स्वतः तयार केलेलं मिळत नाही.

सी ड्राइव्हमधल्या 'युजर्स' फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर असतं. ते अख्खं घेतलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज येतात. घरात दोन-तीन जणांची वेगळी खाती असतील तर प्रत्येकाचं फोल्डर घ्या.

मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, म्हणजे वनड्राइव्ह, चालू असेल तर इथे एक गोम आहे. विंडोज अनेकदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवतं. मग 'युजर्स'मधलं जुनं डेस्कटॉप रिकामं दिसतं आणि माणूस घाबरतो. शिवाय फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, फक्त तिची पाटी आहे. अशा फोल्डरावर उजवं क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरू द्या आणि मग कॉपी करा. फुकटच्या खात्यात ५ जीबीच जागा मिळते, तेव्हा सगळे फोटो वर चढले आहेत असं गृहीत धरू नका.

जुन्या पद्धतीचं आउटलुक वापरणाऱ्यांनी मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधावी. ती सहसा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये असते. ऑफिसचा मेल पॉप पद्धतीने, म्हणजे सर्व्हरवरून थेट संगणकात, उतरत असेल तर जुने मेल फक्त त्या एका फाइलीतच असू शकतात, सर्व्हरवर नाहीत. ओएसटी फाइल मात्र नुसती प्रत असते. खातं पुन्हा जोडलं की ती आपोआप नव्याने तयार होते.

क्रोमचं फोल्डर कॉपी केलं की पासवर्डही आले, असं समजू नका. ते विंडोजच्या तुमच्या खात्याला बांधून कुलूपबंद केलेले असतात, नव्या विंडोजमध्ये ते कुलूप उघडत नाही. फॉरमॅटच्या आधी सिंक (पासवर्ड गूगल खात्यात साठवणं) चालू करा, किंवा पासवर्डची यादी एक्स्पोर्ट करून घ्या. ती यादी साध्या मजकुरात असते, काम झालं की पुसून टाका.

टॅली, मराठी फॉन्ट आणि डिजिटल सही यांचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत, कारण त्यांच्या खोड्या वेगळ्या आहेत.

पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला तर चालेल?

दोन दिवसांसाठी चालेल. वर्षभर जपायचं असेल तर एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या. जुने पेनड्राइव्ह बहुधा फाइली मांडायच्या फॅट३२ या पद्धतीचे असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना 'फाइल टू लार्ज' असं येतं ते यामुळे. एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलं की अडचण मिटते.

वेळेचा अंदाज हवा असेल तर: निळ्या यूएसबी ३ पोर्टवर बऱ्या डिस्कला १०० जीबी मोठ्या फाइली कॉपी करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, जुन्या यूएसबी २ वर तासभर तरी. हजारो बारक्या फाइली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो.

३-२-१ म्हणतात ते काय?

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रॉग यांच्यामुळे हा हिशेब लोकांपर्यंत पोचला. डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. घरगुती भाषेत: एक प्रत संगणकात, एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर किंवा पुण्याला भावाच्या घरी. ३१ मार्चला 'वर्ल्ड बॅकअप डे' पाळतात. आपल्याकडचे हिशेबनीस त्या दिवशी जेवायलाही उठत नसतात, पण ज्यांचं दुकान आहे त्यांनी वर्षअखेरीची प्रत घ्यायला हीच तारीख लक्षात ठेवावी.

बॅकअप नीट झालाय हे कसं ओळखायचं?

दोन फोल्डरं शेजारी उघडा. मूळ आणि प्रत दोन्हींवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि फाइलींची संख्या जुळवा. मग बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फाइली खरोखर उघडा: एक जुना फोटो, एक एक्सेल, एक पीडीएफ, एक मराठी पत्र. फोल्डरचं नाव दिसतं म्हणजे आतला माल आहे असं नसतं. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट कॉपी करून 'टॅलीचा बॅकअप घेतला' म्हणणारे मला तीन जण भेटले आहेत.

मग सगळ्यात महत्त्वाचं: बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवा आणि मगच विंडोज टाकायला बसा. ती जोडलेली राहिली तर पार्टिशनच्या यादीत तीही दिसते, आणि हात घसरायला एक क्षण पुरतो.

संगणक सुरूच होत नाही. आता बॅकअप कसा घेणार?

विंडोज मेलं म्हणजे डिस्क मेली असं नाही. दुसऱ्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिम) यांचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा आणि 'ट्राय' निवडा, इन्स्टॉल नव्हे. मग तुमची डिस्क साध्या फोल्डरांसारखी दिसते आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येते. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये घालायची आणि दुसऱ्या संगणकाला जोडायची. 'यू डोन्ट करंटली हॅव परमिशन' असं आलं तर 'कंटिन्यू' दाबा आणि धीर धरा.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा. तिथे घरचे प्रयोग नकोत. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा, आणि जाण्यापूर्वी तो डेटा किती रुपयांचा आहे ते मनाशी ठरवून जा.

बिटलॉकर ४८ अंकी की मागतंय. मी तर कधी चालूच केलं नव्हतं!

तुम्ही केलं नसेल, विंडोजने केलं असेल. अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर, आपोआप चालू होतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर हे आणखी जास्त संगणकांवर होतं. बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकांची रिकव्हरी की मागतात.

ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून डिव्हाइसच्या यादीत शोधा. पडद्यावर की आयडी दिसतो, त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून कुठली की ते जुळवा. खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं असेल तर त्याला गाठा. आणि की कुठेच नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा गेला. याला मागचा दरवाजा नाही, हे कुलूप त्यासाठीच आहे.

म्हणून फॉरमॅटच्या आधी, सगळं धड चालू असतानाच, ती की कागदावर उतरवून घ्या.

प्रॉडक्ट की हरवली आहे. विंडोज ॲक्टिव्हेट होईल ना?

लॅपटॉप विकत घेताना मूळ विंडोज असेल तर होईल. विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या ही की मदरबोर्डातच भरून पाठवतात. नंतर अपग्रेड केलेल्यांचं डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या मदरबोर्डाच्या नावाने नोंदलेलं असतं. टाकताना की मागितली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा. फक्त आवृत्ती तीच हवी: होमच्या जागी प्रो टाकलंत तर ॲक्टिव्हेट होणार नाही. मदरबोर्ड बदलला असेल तर प्रकरण वेगळं.

लॅपटॉपसोबत आलेलं एमएस ऑफिस सहसा एका मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असतं. ते कुठलं खातं, हे आत्ताच आठवून ठेवा.

विंडोज १० च पुन्हा टाकू की ११?

विंडोज १० ची नियमित अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या अपडेट्सची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली आहे, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. तेव्हा संगणक ११ पेलत असेल तर ११ च टाका. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायॉस) आणि सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ चालतं खरं, पण एसटीच्या जुन्या लाल डब्यासारखं. ८ जीबी करून घ्या.

जुन्या संगणकावर अटी चुकवून ११ टाकायच्या युक्त्या आहेत. माझ्या घरातल्या एका डब्यावर मीही टाकलंय. पण पतसंस्थेच्या किंवा दवाखान्याच्या संगणकावर ते करू नका. अशा यंत्राला अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आठवीतल्या मुलाला अभ्यासापुरता संगणक हवा असेल तर त्यावर लिनक्स मिंट टाका.

विंडोजचा पेनड्राइव्ह कसा बनवायचा?

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल', आणि चांगलं इंटरनेट. टूल तो पेनड्राइव्ह पूर्ण पुसतं, तेव्हा त्यावर काही ठेवू नका. टेलिग्रामवर किंवा भलत्या साइटवर मिळणारं 'लाइट विंडोज' घेऊ नका.

बूट मेनूची बटणं कंपनीगणिक वेगळी असतात. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एस्केप दाबून एफ९, आसूसला एस्केप किंवा एफ८. एसरमध्ये एफ१२ चा मेनू आधी बायॉसमध्ये चालू करावा लागतो. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर निदान आपल्या भागातल्या भारनियमनाचा वार पाहून बसा. गुरुवारी मी हे काम कधीच घेत नाही.

टाकताना डिस्कच दिसत नाही.

अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपांत हे होतं. डिस्क मेलेली नसते. इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या सोयीमागे ती लपलेली असते आणि विंडोजच्या सेटअपकडे तिचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उघडून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि डिस्क निवडायच्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबा.

डिस्क दिसते पण 'एमबीआर पार्टिशन टेबल' म्हणून नकार येतो, तेव्हा डिस्क जुन्या पद्धतीने आखलेली आहे. बॅकअप झाला असेल तर सगळी पार्टिशनं पुसून कोऱ्या जागेवर टाका, बाकीचं सेटअप बघून घेतं. डी वाचवायचा असेल तर मात्र हात थांबवा आणि जाणकाराला बोलवा.

विंडोज झालं, पण वायफायच नाही.

अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. संगणकाला ते साध्या केबलच्या नेटसारखं वाटतं, ड्रायव्हर लागत नाही. मग विंडोज अपडेट चालवा, वायफायचा ड्रायव्हर बहुधा आपोआप येतो. मोबाइलचा डेटा प्लॅन बघून घ्या.

फाइली कुठल्या क्रमाने परत आणायच्या?

आधी विंडोज अपडेट, काही उरलंच नाही असं येईपर्यंत. मग ड्रायव्हर. मग प्रोग्राम. मग बॅकअपची डिस्क जोडून आधी विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने ती तपासायची, आणि सगळ्यात शेवटी फाइली कॉपी करायच्या. व्हायरसमुळे फॉरमॅट मारलं असेल तर ही तपासणी चुकवू नका, नाहीतर बाहेर काढलेला चोर आपणच हात धरून घरात आणतो.

जुनं 'युजर्स' फोल्डर अख्खं नव्यावर ओतू नका. आतलं डॉक्युमेंट्स नव्या डॉक्युमेंट्समध्ये, पिक्चर्स पिक्चर्समध्ये, असं हाताने करा. 'ॲपडेटा' नावाचं लपलेलं फोल्डर परत टाकलं तर जुनी दुखणीही परत येतात. त्यातून हवी ती एखादी गोष्टच उचला.

बॅकअप विंडोजच्या फाइल हिस्टरी या सोयीने घेतला असेल तर तिच्याच 'रिस्टोअर पर्सनल फाइल्स'मधून तो आणता येतो. ते नाहीच जमलं तर डिस्कवरच्या 'फाइलहिस्टरी' फोल्डरात फाइली साध्या स्वरूपातच असतात, फक्त प्रत्येकीच्या नावापुढे तारीख चिकटलेली असते.

सिस्टिम इमेज घेतली होती. ती कशी वापरायची?

इमेज म्हणजे अख्ख्या विंडोजचा साचा. परत टाकली की त्या दिवशीचा संगणक जसाच्या तसा समोर येतो, आणि त्यानंतर डिस्कवर केलेलं सगळं पुसलं जातं. बाहेरच्या डिस्कवरचं 'विंडोजइमेजबॅकअप' हे फोल्डर कुठल्याही दुसऱ्या फोल्डरात हलवू नका आणि त्याचं नाव बदलू नका, नाहीतर रिकव्हरीला ते सापडत नाही. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कची इमेज २५६ जीबीच्या एसएसडीवर उतरवायला बसलेले लोक इथे अडतात.

सिस्टिम रिस्टोअर पॉइंट ही तिसरीच गोष्ट. ती तुमच्या फाइलींना हातही लावत नाही, म्हणून तो बॅकअप धरू नका.

फॉरमॅटनंतर मराठी पत्रं इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत दिसतात. फाइल खराब झाली का?

नाही. फाइल ठणठणीत आहे, फॉन्ट गेलाय.

शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपीचे किंवा सी-डॅकच्या आयएसएमबरोबर येणारे सुरेखसारखे जुने फॉन्ट युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे आहेत. त्यांत फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट त्यांच्या अंगावर देवनागरीचं सोंग चढवतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं आणि खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. शाळेच्या तीस वर्षांच्या निकालपत्रकांची अशी खिचडी पाहून मुख्याध्यापकांचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. पाच मिनिटांत फॉन्ट टाकल्यावर तोच चेहरा कसा होतो तेही.

म्हणून फॉरमॅटच्या आधी 'विंडोज' फोल्डरातलं 'फॉन्ट्स' कॉपी करा. तेवढं पुरत नाही. विंडोज १० च्या काळापासून एखाद्या वापरकर्त्याने स्वतःपुरता टाकलेला फॉन्ट त्याच्या ॲपडेटामध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा आडगल्लीत बसतो. तिथेही डोकावून पाहा. डोंगलवर (यूएसबीत लावायच्या किल्लीवर) चालणारं मराठी सॉफ्टवेअर असेल तर डोंगल जपा आणि त्याची सेटअप फाइल आधीच शोधून ठेवा, विकणारा आता धंद्यात असेलच असं नाही.

युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी कधीच असं बिघडत नाही. फार तर मांडणी हलते, कारण मंगल हा फॉन्ट आता विंडोजमध्ये आपसूक नसतो. 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घेतले की मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे येतात. तोवर त्या जागी निर्मला दिसतो आणि दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर सांडतो.

टायपिंगसाठी सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडा. इनस्क्रिप्ट या सरकारी कीबोर्ड मांडणीबरोबरच २०१९ पासून विंडोजमध्येच फोनेटिकही मिळतं, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा आणि मराठी उमटतं. गूगलचं जुनं ऑफलाइन इनपुट टूल कंपनीने केव्हाच बंद केलं. त्याच्या इकडून तिकडून फिरणाऱ्या सेटअप फाइली टाकू नका.

टॅलीचा डेटा आणि डिजिटल सहीचं काय?

टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो, तो लिहून घ्या. त्या जागी प्रत्येक कंपनीचं अंकी नावाचं एक फोल्डर असतं. टॅलीतून बॅकअप घ्या आणि शिवाय टॅली बंद करून तो डेटा फोल्डरही कॉपी करा. फॉरमॅटआधी लायसन्स सरेंडर करणं ही रीतसर पद्धत. नंतर टॅली टाकताना आधीपेक्षा जुनी आवृत्ती टाकू नका, नव्या आवृत्तीत उघडलेला डेटा जुनीत उघडेलच असं नाही.

डिजिटल सहीचं प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्येच असतं, फॉरमॅटने ते जात नाही. टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाका. त्या टोकनच्या प्रोग्राममध्ये 'इनिशियलाइज' असं बटण दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका, त्याने टोकन पुसलं जातं. चुकीचा पासवर्ड काही वेळा टाकला की टोकन लॉक होतं. जीएसटीच्या शेवटच्या तारखेला हे कळू नये.

चुकून फॉरमॅट झालं. आता?

संगणक बंद करा. आत्ता, हे वाचून झाल्यावर नव्हे. पुढे लिहिलं जाणारं प्रत्येक अक्षर जुन्यावर चढतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून, दुसऱ्या संगणकाला जोडून बरंच परत मिळू शकतं. एसएसडीवर आशा कमी, कारण ट्रिम नावाची व्यवस्था पुसलेली जागा आतल्या आत खरोखर रिकामी करते.

पार्टिशन न पुसता त्याच जागी विंडोज टाकलं असेल तर आधी सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर शोधा. जुन्या 'युजर्स'चं बिऱ्हाड त्यात असतं. अपग्रेडनंतर विंडोज ते १० दिवसांनी स्वतःहून काढून टाकतं.

दुकानात देऊन टाकलं तर?

द्या की. पण बॅकअप घरी घेऊन मग द्या. 'साहेब, डी ला हात लावणार नाही' या शब्दावर विसंबू नका. आणि मूळ विंडोजचा लॅपटॉप असेल तर 'ॲक्टिव्हेटर' (चोरून विंडोज ॲक्टिव्हेट करणारा प्रोग्राम) मारू नका असं बजावून सांगा. असल्या प्रोग्रामांसाठी आधी डिफेंडर बंद करावं लागतं, आणि नंतर ते कुणी चालू करत नाही.

मॅकवाल्यांनी काय करायचं?

टाइम मशीनची, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या बॅकअपची, डिस्क असेल तर निम्मी चिंता मिटली. एम मालिकेच्या चिपच्या मॅकमध्ये पॉवर बटण दाबून धरलं की रिकव्हरी येते, जुन्या इंटेलच्या मॅकमध्ये कमांड आणि आर. मॅकओएस टाकून झाल्यावर मायग्रेशन असिस्टंट टाइम मशीनमधून खाती, फाइली, ॲप सगळं आणतो.

सगळं परत आलंय. बॅकअपची डिस्क पुसून दुसऱ्या कामाला घेऊ?

महिनाभर थांबा. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच, 'अहो, माझी ती पाककृतींची फाइल कुठे गेली?'